वरच्या मजल्यावर नेरीना

पडल्यापासून ती बाहेर पडली नव्हती.

त्रिएस्तेत बोरा सुटतो तेव्हा
वारा डोंगरावरून थेट बंदरावर उडी घेतो.
त्या नोव्हेंबरात मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर
नेरीना कोशूतानं, वय एकोणऐंशी,
टोपी धरायला हात वर केला
आणि बाकी कशाला धरायचं राहूनच गेलं.
हाड मोडलं नाही.
मोडलं ते क्ष-किरणात दिसणारं नव्हतं.

मी तिच्या खाली राहतो, घड्याळं दुरुस्त करतो.
कान बारीक कामाला सरावलेले.
हिवाळाभर छतातून दोनच आवाज:
पलंग ते खुर्ची, खुर्ची ते पलंग.
सतरा पावलं. मोजलेली आहेत.
एकाच खोबणीत फिरणारं चाक
कुठल्या बाजूनं झिजतं हे मला धंद्यानं माहीत,
पण वर जाऊन सांगणार कोण.

फेब्रुवारीत तिची भाची दुशित्सा आली,
तीन दिवस राहिली, घर उलटंपालटं करून गेली.
कॉफीचा डबा सर्वांत वरच्या फळीवर,
पातेली सर्वांत खाली,
चमचे स्वयंपाकघरात, साखर थेट बाल्कनीत.
नेरीना जिन्याच्या कठड्यावरून ओरडली:
‘माझ्याच घरात मला पाहुणी करून गेली ती पोर!’

त्यानंतर माझं छत बदललं.

टाचा उचलल्याचा आवाज होत नाही,
टेकल्याचा होतो.
मग काहीतरी घसटत जायचं भिंतीलगत,
ती आडवी चालतेय, खेकड्यासारखी,
हे कळायला मला आठवडा लागला.
सकाळी नळ चालू, आणि एकच फळी कुरकुरणारी:
दात घासताना एका पायावर.
संध्याकाळी मागे मागे येणारी पावलं,
कुणा राणीसमोरून निघाल्यासारखी.
रेडिओवर पोल्का लागली तर
एक गिरकी. थांबा.
अर्धी गिरकी.
स्लोव्हेनमधली शिवी.

एप्रिल, गुरुवार, सव्वाअकरा.
धप्प.
आणि पुढे काहीच नाही.

चिमट्यातलं चाक टेबलाखाली गेलं, जाऊ दे.
दोन-दोन पायऱ्या चढत धावलो,
दार उघडंच होतं,
आणि ती फरशीवर, गाल टेकून,
एक हात कपाटाखाली खांद्यापर्यंत.
‘नेरीना! लागलं?’
‘गप्प बस. मुद्दाम आलेय मी खाली.
काल सावकाश आले होते, आज जरा घाई झाली.
हे बघ, दोन बटणं मिळाली
आणि एक लिरा, आता कोण घेतंय.’
मग कुशीवर वळली.
कोपर. एक गुडघा.
खुर्चीला हात लावला,
काढून घेतला.
दुसरा पाय, बराच वेळ, दुसरा पाय,
उभी.
‘पडायची नव्हती रे तुलिओ,
पडून राहायची भीती होती.’

मी चौकट धरून धापा टाकत होतो. वय बावन्न.
तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
बिघडलेल्या घड्याळाकडे मी पाहतो तसं.
‘फरशीला कान लावला की तुझं घर ऐकू येतं.’
‘काय ऐकू येतं?’
‘हाच तर प्रश्न आहे.
सकाळी एक खुर्ची सरकते. रात्री तीच खुर्ची सरकते.’

ऑक्टोबरच्या शेवटी बोरा पुन्हा आला.
खिडकीतून दिसलं: टोपी घरी ठेवून
नेरीना निघाली आहे,
वाऱ्याला खांदा देऊन, आडवी,
मध्येच दोन पावलं मागे, जणू ठरवूनच,
दिव्याच्या खांबाला धरते, सोडते,
मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर
क्षणभर थांबते. काय बोलली ते वाऱ्यात गेलं.
मग वळून दिसेनाशी झाली.
पडली ती फक्त बाहेर.

मी भिंगाची डबी वरच्या फळीवर ठेवली आहे,
तेलाची कुपी पलंगाखाली.
दिवसातून नऊ वेळा उठतो, नऊ वेळा तिला शिव्या देतो,
जरा मोठ्यानंच,
कारण छताच्या पलीकडे
एक गाल फरशीवर टेकलेला असू शकतो.